मुक्काम पोस्ट फिनलंड

फिनलंडला जाऊन आल्यावर कांतालिसिओ ऑर्तेयादो सरांना काय काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे पुढे हिशेबात कोणावर अन्याय नको. पहिली म्हणजे मुख्याध्यापकांची खुर्ची. ही खुर्ची फिरती होती आणि फिरताना किरकिरत नव्हती. सान हेर्वासिओ गावात असं दुसरं काही नव्हतं. खुर्चीमागच्या भिंतीत गार हवेचं यंत्र होतं आणि यंत्राचा रिमोट मुख्याध्यापकांच्या खिशात असे. शिवाय पगारवाढ. शिवाय गावच्या संताच्या मिरवणुकीत पाद्रीबाबांच्या उजव्या हाताला चालण्याचा मान, कारण डावा हात फौजदाराचा ठरलेला. आणि शाळेची घंटा स्वतः न वाजवता नुसतं "वाजवा" म्हणण्याचा अधिकार. एवढ्या सगळ्याच्या बदल्यात सरांना फक्त जगातली सर्वांत चांगली शाळा बघून यायची होती. बघायला काय, डोळे लागतात. ते सरांना होते.

जुने मुख्याध्यापक वर्षअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा गुणांवर भरायची होती. पेराग्वेच्या शिक्षण खात्यात गुण ही फार कनवाळू गोष्ट आहे. वीस वर्षं खडूची धूळ खाल्ली तर जेवढे गुण मिळतात, त्याच्या दुप्पट गुण 'परदेशातील प्रत्यक्ष वर्गनिरीक्षणा'चे मिळतात. म्हणजे आपल्या वर्गात उभं राहून घसा फोडण्यापेक्षा दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणं खात्याला जास्त अवघड वाटतं. खात्यातल्या लोकांचा गप्प बसण्याचा अनुभव दांडगा असल्यामुळे त्यांना त्यातले कष्ट ठाऊक असावेत. गणिताच्या ब्लासिदाबाई नोकरीत सरांपेक्षा जुन्या, पदवीतही वरचढ, आणि पोरं त्यांना घाबरत असूनही त्यांच्या तासाला वेळेवर येत. सरळ रस्त्याने त्यांच्या पुढे जाणं सरांना शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी उत्तर ध्रुवाकडून जायचं ठरवलं.

रस्ता दाखवला डॉक्टर इन्साउराल्दे यांनी. हे कशाचे डॉक्टर, ते कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. राजधानीत, असुन्सियोनमध्ये, त्यांची 'शैक्षणिक उत्कर्ष अकादमी' होती आणि ते गावोगाव हॉटेलांचे हॉल भाड्याने घेऊन शिक्षकांना पडद्यावर फिनलंड दाखवत. 'फिनलंड' हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याने नकळत टोपी काढावी. दौऱ्याचा काळ त्यांनी मुद्दाम जुलै ठेवला होता. "तुमच्या हिवाळी सुट्टीतच नेतो, म्हणजे रजा टाकायला नको," असं ते म्हणाले आणि हॉलभर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत भूगोलाचे शिक्षक बरेच होते. कांतालिसिओ सर तर भूगोलाचेच. सातवीच्या वर्गाला दरवर्षी ते हातात संत्रं घेऊन, संत्र्यात काडी खुपसून, ते तिरकं धरून दाखवत, की बाळांनो, आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या वरच्या अंगाला उन्हाळा असतो. हा प्रश्न परीक्षेला हमखास असे. पण परीक्षेतलं ज्ञान परीक्षेच्या बाहेर नेऊ नये, हा नियम सरांनी पोरांइतकाच काटेकोरपणे पाळला होता.

खर्चाचा पहिला हप्ता म्हणजे मिमोसा. मिमोसा ही सरांची गाय. घरातलं दूध, चीज आणि सकाळच्या बाजारात निमियाबाई विकायच्या त्या चिपा, म्हणजे चीज घातलेल्या पावाच्या कड्या, हे सगळं मिमोसाच्या जिवावर. गाय विकायची म्हटल्यावर निमियाबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "अहो, खुर्ची दूध किती देते?" मोठ्या माणसांना घरात कोणी समजून घेत नाही, असं सर शेजारी पोलिकार्पोकाकांकडे जाऊन बोलले.

दुसरा हप्ता संडासाचा.

याचं थोडं सांगितलं पाहिजे. शाळेचा संडास मागच्या वादळात गेला. पत्रा उडून कालव्यात पडला, दार कोणीतरी चुलीत घातलं आणि उरल्या तीन भिंती. मुलगे कडू संत्र्याच्या झाडांमागे जात. मुली शाळेशेजारच्या दोन्या सिन्फोरियानाच्या घरी जात. दोन्या, म्हणजे बाईसाहेब, सिन्फोरियाना ही पालक संघाची अध्यक्ष. अंगाने आडवी, बोलायला उभी. शाळेतल्या एकूण एक मुली मधल्या सुट्टीत तिच्या परसात रांग लावायच्या. तिचा सख्खा जावई एकदा सासुरवाडीला आला तर तोही रांगेत उभा राहिला. म्हणून आदल्या वर्षी जूनमध्ये सान हुआनच्या जत्रेत पालक संघाने संडासासाठी पैसे जमवले. चरबी चोपडलेल्या खांबावर चढायचं तिकीट, पेटत्या चेंडूच्या खेळाचं तिकीट, भाजलेली कोंबडी, सगळं संडासासाठी. त्या वर्षी गावातल्या माणसांनी कोंबडी नुसती खाल्ली नाही, भिंतीसाठी खाल्ली.

पण खात्यात एक मौज होती. संडास हे 'बांधकाम'. बांधकामाला इंजिनिअरचा नकाशा लागतो, नकाशाला जिल्ह्याची मंजुरी, मंजुरीला जागेची पाहणी, आणि पाहणीला येणाऱ्या साहेबाला गाडी. गाडीला पेट्रोल नव्हतं, त्यामुळे संडासाची फाइल जिल्ह्यात बसून होती. ती बसून होती आणि पोरी उभ्या होत्या. उलट फिनलंड हे 'शैक्षणिक गुणवत्ता' या सदरात मोडत होतं. गुणवत्तेला नकाशा लागत नाही. पालक संघाच्या सभेत सर उभे राहिले आणि म्हणाले की, पैसा नुसता पडून आहे; संडास आजच्या मुलांच्या कामाचा, पण ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मंजुरी येईपर्यंत हे पैसे मला द्या, मी जगातली सर्वोत्तम शाळा तुमच्या अंगणात आणतो. सभेला पुरुष बरेच होते आणि पुरुषांना झाडांची अडचण नव्हती, त्यामुळे ठराव पास झाला.

दोन्या सिन्फोरियाना सगळ्यांत शेवटी बोलली. "देते. पण उसने देते, सर. परत येईल तेव्हा दाराला आतून कडी पाहिजे. पोरींना एक हात दारावर धरून बसावं लागू नये."

सरांनी छातीवर हात ठेवला. छातीवर हात ठेवायला काही खर्च येत नाही.

मग पासपोर्ट. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला काढला, तर त्यात 'कांतालिसिया, कन्या' असं लिहिलेलं. ज्या कारकुनाने ते लिहिलं तो उसाच्या दारूसाठी प्रसिद्ध होता आणि आता हयात नव्हता. निबंधक म्हणाला की, दुरुस्ती कोर्टातूनच होईल आणि कोर्टाला जन्माच्या वेळी हजर असलेला साक्षीदार लागेल. असा साक्षीदार गावात एकच उरला होता, पोलिकार्पोकाका. ते त्या वेळी अकरा वर्षांचे असून खिडकीतून बघत होते. कोर्टात काकांनी शपथेवर सांगितलं की, मुलगाच झाला होता, आणि तेव्हापासून आजतागायत तक्रार ऐकू आलेली नाही. न्यायाधीश गंभीरपणे म्हणाले, "नोंद घ्या." मागच्या बाकांवर दुसऱ्या खटल्याची माणसं बसली होती, त्यांनीही नोंद घेतली. पुढे कित्येक दिवस बाजारात सरांना "काय कांतालिसियाताई, निघालात का?" असं ऐकावं लागलं. सरांनी ते ज्ञानमार्गातलं तप समजून सोसलं.

थंडीबद्दल सल्ला द्यायला तर सगळं गाव पुढे आलं. सान हेर्वासिओत दक्षिणेचा वारा सुटला की माणसं दोन दिवस दारं लावून गरम माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, पीत बसतात. तेवढ्या अनुभवावर प्रत्येक जण ध्रुवप्रदेशाचा तज्ज्ञ झाला. कोणी म्हणे, बनियनखाली वर्तमानपत्र घाला. कोणी म्हणे, नाकाला डुकराची चरबी लावा. वाण्याने सांगितलं की, तिकडे धातूला जीभ लावायची नाही, चिकटते. सरांनी हे वहीत लिहून घेतलं, जसं काही एरवी ते धातूंना जीभ लावत फिरायचे. पोलिकार्पोकाकांनी उमेदीची वर्षं अर्जेंटिनाच्या टोकाला मेंढ्या राखण्यात घालवली होती. त्यांनी तिथला मेंढीच्या कातड्याचा कोट बाहेर काढला. कोट इतका जड होता की खुंटीवरून काढला तेव्हा भिंतीने नि:श्वास टाकला. वासावरून मेंढीला तो काढून घेतल्याचं अजून कळलेलं नसावं.

"घे कांता," काका म्हणाले. "यात मी बर्फात झोपलोय. फक्त कुत्र्यांपासून जप, ती मागे लागतात."

शाळेत ब्लासिदाबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं की, तुमच्या संत्र्यावर जुलैमध्ये तिकडे उन्हाळा असतो ना? सर हसले. अडाण्याला माफ करताना सुशिक्षित माणूस हसतो तसे. "बाई, ध्रुवाजवळचा उन्हाळा म्हणजे आपल्या हिवाळ्याचा आजोबा." बाईंनी पुढची वही घेतली. उन्हाळा म्हणजे शाळेला मोठी सुट्टी, हे पृथ्वीच्या पाठीवरचं प्रत्येक पोर जाणतं. जगात फक्त शिक्षकच असे आहेत की ज्यांना त्याची आठवण करून द्यावी लागते.

तर सर गेले. दौऱ्यात देशभरातले वीसेक शिक्षक होते, सगळे कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर डोळा असलेले. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा फिनलंडमध्ये लख्ख ऊन पडलं होतं आणि एक म्हातारा अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात चालला होता. कोटाच्या आत सरांच्या बनियनखालचं वर्तमानपत्र भिजून मऊ झालं. त्यातले अग्रलेख पुढे आठवडाभर सरांच्या पोटावर उलटे वाचता येत होते. कोट काढावा तर हातात धरवेना, बॅगेत मावेना. सरांनी तो घातलाच ठेवला. लोक बघत होते, पण परदेशात लोक बघतातच, अशी सरांनी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, एका बाईंनी फिनिश मुलांना वाटायला नान्दुती लेसचे रुमाल आणले होते. बस एका सुंदर, बैठ्या, लाल विटांच्या इमारतीसमोर थांबली. अंगणात झोपाळे होते. झोपाळ्यांवर कोणी नव्हतं. सायकलींच्या खोबणी होत्या. सायकली नव्हत्या. दाराला कुलूप होतं. शिडीवर चढून एक माणूस खिडकीच्या चौकटीला रंग देत होता, त्याने वरूनच काहीतरी सांगितलं आणि पुन्हा ब्रश बुडवला. डॉक्टर इन्साउराल्दे यांना फिनिश येत नव्हतं, पण कुलपाची भाषा सगळीकडे एकच असते. शाळेला सुट्टी होती. अख्ख्या देशातल्या सगळ्या शाळांना सुट्टी होती, जूनपासून, पार ऑगस्ट लागेपर्यंत, आणि हे गेली कित्येक वर्षं असंच होतं.

कोणी दुसरा असता तर वरमला असता. पण डॉक्टर हा माणूस वरमण्याच्या पलीकडे गेलेला होता. ते पायरीवर चढले आणि म्हणाले, "मित्रांनो, आपण भाग्यवान आहोत. मुलं असली की लक्ष मुलांकडे जातं. आज आपण शुद्ध शाळा बघणार आहोत. याला मौन निरीक्षण म्हणतात. इथे इमारतच शिक्षक आहे."

प्रत्येक शिक्षकाच्या डोळ्यांपुढे आपापली विकलेली वस्तू आली असणार. सरांच्या डोळ्यांपुढे मिमोसा आली, मान वळवून बघणारी. मग लेसवाल्या बाईंनी हळूच वही उघडली. मग दुसऱ्यांनी. कारण ओरडून काय मिळणार होतं? ओरडलं तर निरीक्षण झालं नाही असं होईल, निरीक्षण झालं नाही तर गुण नाहीत. आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा आपण शिकलो असं म्हणणं किती तरी स्वस्त पडतं. थोड्याच वेळात वीस शिक्षक खिडक्यांच्या काचांना नाक लावून, डोळ्यांभोवती हात धरून, जगातल्या सर्वोत्तम शिक्षणपद्धतीचा अभ्यास करू लागले. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. व्हरांड्यात बुटांची रिकामी कपाटं होती. रंगारी शिडीवरून बघत होता. आपल्या देशात कशाचं निरीक्षण चाललंय, असा त्यालाही प्रश्न पडला असेल.

इतक्यात सरांच्या पोटात सकाळचं ताक आणि काळा पाव यांचं एकमेकांशी जमेनासं झालं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. फिनलंडमध्ये झाडं पुष्कळ आहेत, पण सगळी सरळसोट आणि बारीक. एकामागेही मेंढीच्या कोटासकट शिक्षक मावला नसता. त्यांचा चेहरा बघून रंगारी शिडीवरून उतरला. त्याने एक शब्द न विचारता खिशातून किल्ली काढली आणि बाजूचं दार उघडून दिलं.

अशा रीतीने कांतालिसिओ ऑर्तेयादो हे त्या दौऱ्यातले फिनिश शाळेत प्रत्यक्ष प्रवेश केलेले पहिले शिक्षक ठरले. आणि जे त्यांनी बघितलं, ते त्यांनी खरंच बघितलं. छोट्यांसाठी छोटं भांडं, मोठ्यांसाठी मोठं. गुडघ्याच्या उंचीवर हात धुवायचं भांडं, त्यात गरम पाणी. भिंतीला कोट अडकवायला खुंटी. तिने मेंढीचा कोट पेलला. आणि दाराला आतून एक छोटीशी कडी, पाच वर्षांच्या बोटांनाही फिरेल अशी. ती फिरवली की बाहेरच्या बाजूला लाल खूण दिसायची, म्हणजे कोणी दार ढकलायलाच नको. सरांनी ती कडी फिरवून बघितली. पुन्हा फिरवली. उघड-बंद, उघड-बंद. बाहेर बाकीचे शिक्षक रांगेत उभे राहून दार ठोठावू लागले, तेव्हा कुठे ते निघाले. दोन्या सिन्फोरियानाच्या परसातली रांग त्यांना त्या क्षणी आठवली, आणि त्यांनी ती चटकन विसरून टाकली.

उरलेले दिवस अकादमीच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे गेले. दुकानं बघितली, ते 'ग्राहक शिक्षण'. बोटीत बसले, ते 'जलसाक्षरता'. शेवटी लाकडी खोलीत वाफ घेत पंचे गुंडाळून बसले, ते 'सहकारातून अध्ययन'. तिथेच डॉक्टरांनी प्रमाणपत्रं वाटली, त्यामुळे ती जराशी सुरकुतली आहेत. प्रमाणपत्रावर वर्गनिरीक्षणाचे तास भरभक्कम होते.

परतल्यावर खरा पेच उभा राहिला. परदेशातून शिकून आलेल्या शिक्षकाने ते ज्ञान सगळ्यांना वाटायचं, असा खात्याचा रिवाज आहे. त्याला खात्यात 'गुणाकार' म्हणतात. एक माणूस जातो, आल्यावर शंभरांना शिकवतो, म्हणजे शंभर जण जाऊन आल्यासारखे. शून्याला शंभराने गुणलं की काय येतं ते तिसरीतलं पोर सांगेल, पण खात्याचं गणित पुढच्या इयत्तेचं आहे. ऑगस्टच्या एका शनिवारी शाळेच्या अंगणात गुणाकार ठरला. जिल्ह्याच्या सुपरवायझर ओब्दुलियाबाई आल्या, आसपासच्या शाळांचे शिक्षक आले, पालक आले. पोलिकार्पोकाका कोट परत न्यायला आले होते ते बसून राहिले.

आदल्या रात्री सरांना झोप नव्हती. खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचे वडील धर्मभीरू होते आणि शिवाय खोटं लक्षात ठेवावं लागतं. म्हणून त्यांनी फक्त खरं सांगितलं.

ते म्हणाले, "मी त्या शाळेत संपूर्ण सकाळ होतो. त्या वेळात मला वर्गातून एकही आवाज ऐकू आला नाही."

सभेत कुजबुज झाली.

"एकही मूल जागेवरून उठलं नाही. एकही शिक्षक ओरडला नाही. छडी मला कुठे दिसली नाही. घंटा वाजली नाही. गृहपाठ म्हणाल तर त्या दिवशी संपूर्ण देशात एकाही मुलाला गृहपाठ नव्हता."

ओब्दुलियाबाई भराभर लिहून घेत होत्या. त्यांनी डोळे पुसल्याचंही काही जण सांगतात.

"खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात. आणि एकाही मुलाच्या पायात बूट मला दिसला नाही."

ब्लासिदाबाईंनी हात वर केला. "खुर्च्या टेबलांवर, तर मुलं कुठे?"

सर जरा अडखळले. मग म्हणाले, "तो तिकडे मुलांचा प्रश्न समजतात, बाई. शिक्षक त्यात पडत नाहीत."

ओब्दुलियाबाई टाळ्या वाजवत उठल्या आणि 'स्वायत्तता' असं काहीतरी म्हणाल्या. एरवी सगळं इथेच गोड झालं असतं. पण मागच्या रांगेतून दोन्या सिन्फोरियाना उठली. पायात चपला, हातात तेरेरेचा, म्हणजे गार मातेचा, थर्मास. तिने थर्मास खाली ठेवला.

"सर, तिकडे पोरी लघवीला कुठे जातात?"

पाद्रीबाबा खाली बघू लागले. सुपरवायझरबाईंनी पेनचं टोपण लावलं. हे गुणवत्तेत येत नव्हतं. आणि सर? सरांच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला. इतका वेळ ते बर्फावर चालल्यासारखे एकेक शब्द चाचपत होते. आता पायाखाली जमीन लागली. ते जे सुटले ते सुटले. छोट्या भांड्यांचं सांगितलं, गरम पाण्याचं सांगितलं, खुंटीची उंची हाताने दाखवली. कडीपाशी आल्यावर तर त्यांनी ती हवेतच फिरवून दाखवली. ती बोटांनी कशी फिरते, बाहेर लाल खूण कशी येते, आत बसलेल्या पोरीला कोणाचं भय कसं राहत नाही. आयांनी कुशीतली पोरं मांडीवर घेतली आणि ऐकत राहिल्या. तीस वर्षांच्या नोकरीत सरांनी इतकं चांगलं कधी शिकवलं नव्हतं.

शेवटी ते थांबले. दोन्या सिन्फोरियानाने थर्मास उचलला.

"म्हणजे आमच्या संडासाच्या पैशात," ती म्हणाली, "तुम्ही त्यांचा संडास बघून आलात."

पोलिकार्पोकाका एवढे हसले की त्यांना कोटात तोंड खुपसावं लागलं, आणि वासाने ते लगेच बाहेर काढावं लागलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. ओब्दुलियाबाईंनी जिल्हाभर फतवा काढला: बूट बाहेर, खुर्च्या टेबलांवर, वर्गात शांतता. ऑगस्टच्या दक्षिण वाऱ्यात पोरं नुसत्या मोज्यांत गार फरशीवर बसली. आठवड्याभरात निम्मी पोरं सर्दीने घरी राहिली, आणि बाईंनी वर कळवलं की, फिनिश पद्धतीने वर्गातला आवाज निम्म्यावर आला आहे. वाण्याकडचे लोकरी मोजे संपले. ब्लासिदाबाईंनी आपल्या वर्गात खुर्च्या खालीच ठेवल्या; तिथे पोरं नेहमीसारखी बडबडत आणि नेहमीसारखी भागाकार करत राहिली.

नोव्हेंबरात गुण लागले. सर पहिले आले, ब्लासिदाबाई दुसऱ्या. फक्त एक सही बाकी होती. मुख्याध्यापकाच्या नेमणुकीवर पालक संघाच्या अध्यक्षाची संमती लागते. एरवी ही सही म्हणजे पाहुणचार. सर चिपांची टोपली घेऊन गेले. दोन्या सिन्फोरियाना परसात होती आणि रांगही होती.

"करते ना सही," ती म्हणाली. "आधी कडी दाखवा."

सरांनी समजावलं की, बांधकामाला नकाशा लागतो, नकाशाला मंजुरी लागते, तुम्हाला माहीतच आहे.

"बांधकाम कोण म्हणतंय? तुम्ही तिकडे शिकून आलात ते पोरांना दाखवायचंय. ही गुणवत्ता आहे, सर. गुणवत्तेला नकाशा लागत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं."

सरांनी आकाशाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, दारात टेकवलेल्या आपल्या मोटरसायकलकडे पाहिलं. रांगेतली एक मुलगी पायावर पाय घालून उभी होती. तिने सरांकडे असं पाहिलं की सर घाईघाईने निघाले.

मोटरसायकल गेली. उन्हाळी सुट्टीत शाळेच्या अंगणात चार भिंती उठल्या, लहान भांडी आली, पाणी आलं. गरम मात्र आलं नाही, ते उन्हावर सोडलं. तशी कडी पेराग्वेत मिळेना, म्हणून लोहाराला सरांनी स्वतः भट्टीपाशी उभं राहून, वहीत आकृती काढून, बोटाने फिरवून दाखवलं, आणि लोहाराने तिसऱ्या खेपेला ती बरोबर जमवली. उद्घाटनाला ओब्दुलियाबाई आल्या, फीत कापली. बांधकाम नव्हतं, त्यामुळे संडास असं कुठे लिहिता आलं नाही. दारावर पितळी पाटी लागली: 'फिनिश शिक्षणपद्धती प्रात्यक्षिक केंद्र'. एवढं लांब नाव पोरं कशाला घेतात? शाळा उघडली त्या सकाळी दुसरीच्या वर्गातून पहिलं बोट वर झालं, "बाई, फिनलंडला जाऊ?" आणि तेव्हापासून सान हेर्वासिओत कोणी संडासला जात नाही. सगळे फिनलंडला जातात.

ओब्दुलियाबाईंनाही जायचं होतं, खऱ्या फिनलंडला. त्यांनाही वरची एक खुर्ची खुणावत होती. डॉक्टर इन्साउराल्दे यांचा नवा दौरा जुलैतच निघणार होता. बाईंनी सरांना बोलावून विचारलं की, तुमचा अनुभव कसा, आणि थंडी किती? नवे मुख्याध्यापक फिरत्या खुर्चीत जरा इकडून तिकडे फिरले. खुर्ची किरकिरली नाही.

"फार शांत असतं बाई तिकडे," ते म्हणाले. "थंडीचं म्हणाल तर आमच्या काकांकडे एक कोट आहे."

आता हिशेब. डॉक्टरांना मिळालं ते मोजायला दुसरे डॉक्टर लागतील. ओब्दुलियाबाईंना मिळाली पद्धत, सरांना खुर्ची, काकांना कोटाचं भाडं, वाण्याला मोज्यांचा नफा. ब्लासिदाबाईंना काही मिळालं नाही, पण त्यांचं काही गेलंही नाही, आणि भागाकाराचे निकाल अजून त्यांच्याच वर्गाचे चांगले लागतात. दिलं कोणी? चरबीच्या खांबावर चढून घसरलेल्या गावाने एकदा दिलं. मोटरसायकलने दिलं, मुख्याध्यापक रोज सकाळी शाळेला चालत येतात आणि "वाजवा" म्हणतात तेव्हा धापा टाकत असतात. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत जास्त, मिमोसाने दिलं. निमियाबाई आता विकतच्या चीजच्या चिपा करतात आणि त्या घेऊन बाजारात जाताना वाटेत नव्या मालकाच्या कुंपणापाशी रोज घटकाभर थांबतात. मिमोसा मान वळवून बघते. तिला फिनलंड कुठे आहे ते कोणी सांगितलेलं नाही.

दुसरीतल्या पोरींना ते पक्कं माहीत आहे. अंगण ओलांडलं की उजव्या हाताला. आणि आतून कडी आहे.